टळणे आणि टाळणे

वर्तमानपत्रांच्या आणि दूरचित्रवाणीच्या भाषेविषयी लिहिताना साहित्याचे अभ्यासक बहुधा एक सोयीची जागा घेतात. ती भाषा इतर कोणी तरी बिघडवली आहे आणि आपण बाहेर उभे राहून तिचे निदान करीत आहोत, असे गृहीत धरले की लेखन सुकर होते. प्रस्तुत विषयाबाबत मला ती जागा उपलब्ध नाही. १९८० नंतरची जवळजवळ तीन वर्षे, महाविद्यालयात मराठी शिकवण्याची नोकरी मिळण्यापूर्वी, मी मुंबईतील एका दैनिकात रात्रपाळीचा उपसंपादक होतो. संध्याकाळी सारी डोंबिवली मुंबईहून घरी परतत असताना मी उलट्या दिशेच्या मोकळ्या लोकलने कामावर जात असे आणि पहाटेच्या गाडीने परत येत असे. काम मुख्यतः अनुवादाचे. टेलिप्रिंटरवरून उतरणाऱ्या इंग्रजी तारांचे मराठी करायचे, त्यांना मथळे द्यायचे आणि पान सोडायचे.

त्यातील एका रात्रीची तार अशी होती : सांताक्रूझहून निघालेल्या एका विमानाच्या इंजिनात पक्षी शिरला, वैमानिकाने ते इंजिन बंद करून विमान परत आणले, प्रवासी सुखरूप. चार-पाच वाक्ये. मी मथळा दिला : 'पक्षी धडकल्याने विमान परत आणले'. मुख्य उपसंपादकांनी तो वाचला आणि कागद माझ्याकडे सरकवीत ते म्हणाले, "अहो, यात जीव नाही. जरा जीव घाला." मी जीव घातला. मथळा झाला 'मोठा अनर्थ टळला', आणि बातमीचे पहिले वाक्य झाले 'काळ आला होता, पण वेळ आली नव्हती'. बातमी पहिल्या पानावर गेली. तारेत नसलेले एकही तथ्य मी तीत घातले नव्हते. त्यामुळे काही गैर केल्याची जाणीव मला झाली नाही. पुढची चाळीस वर्षे ती रात्र माझ्या स्मरणातही नव्हती.

ती आठवली २०२५ च्या जुलै महिन्यात, कल्याणला माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी.

त्या संध्याकाळची पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान उड्डाणानंतर काही क्षणांतच कोसळले. विमानातील २४२ पैकी २४१ जण आणि जमिनीवरील १९ जण, असे एकूण २६० जण मृत्युमुखी पडले. विमानाच्या कर्मचारीवर्गात डोंबिवली-बदलापूरकडचीही माणसे होती. त्यामुळे आमच्या भागात ती दूरची बातमी राहिली नाही. कॅमेरे थेट इमारतींच्या जिन्यांपर्यंत आले. त्यानंतरच्या आठवड्यांत कोणतेही विमान परत फिरले, की ती बातमी होऊ लागली. पूर्वी आतल्या पानावर एका परिच्छेदात मावणाऱ्या, किंवा मुळीच न छापल्या जाणाऱ्या, घटना पडद्यावरच्या लाल पट्टीत धावू लागल्या.

माझा भाचा विमानदुरुस्तीच्या कामात आहे. त्या संध्याकाळी तो पाळीवर होता, आणि त्याची पत्नी व मुलगी ज्या विमानाने उत्तरेकडे निघाल्या होत्या, ते अर्ध्या तासाने मुंबईकडे परत वळवण्यात आले. ताईला हे पडद्यावरच्या पट्टीवरून कळले. मी डोंबिवलीहून पोचलो तेव्हा ती दिवाणखान्यात दूरचित्रवाणीसमोर ताठ बसली होती. पडद्यावर संगणकावर काढलेले एक विमान हेलकावे खात होते, त्याच्या पंखाखालून ज्वाळा निघत होत्या, बाजूला घड्याळाचे काटे फिरत होते, आणि मागे रहस्यपटाला साजेसे संगीत चालू होते. खाली 'प्रवाशांचे प्राण कंठाशी' अशी अक्षरे होती. मधूनच अहमदाबादचा धूर दिसे. त्या चित्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'संग्रहित' असे लिहिलेले होते. पण ऐंशीच्या घरातल्या ताईच्या डोळ्यांना ते वाचता येणे शक्य नव्हते. तिने मला एकच प्रश्न विचारला, "अरे, हा धूर आत्ताचा आहे का?"

मी नाही म्हटले. तिने विश्वास ठेवला की नाही, हे मला कळले नाही. तेवढ्यात भाच्याचा फोन आला. "मामा, तुम्ही आधी टीव्ही बंद करा. एका यंत्रणेचा इशारा आलाय, म्हणून विमान परत आणतायत. आणतायत, मामा. असं झालं की परत आणायचं, हे ठरलेलं काम आहे. आईला सांगा." मी टीव्ही बंद केला. पाऊण तासाने विमान उतरले. रात्री उशिरा मुलीला घेऊन सून घरी आली. तिची मुख्य तक्रार विमानतळावर सामानासाठी ताटकळत उभे राहावे लागल्याची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याने वर्तमानपत्र माझ्यापुढे ठेवले. मथळा होता : 'मोठा अनर्थ टळला'. त्याने विचारले, "मामा, टळला म्हणजे काय? आपोआप टळला? कुणी टाळला, ते लिहायला नको का? आणि काही चुकलं असेल, तर ते कुणाचं, तेही नको का?" मी त्याला उत्तर दिले नाही. मथळा माझाच होता.

त्या संध्याकाळी ताईला काय झाले, आणि दुसऱ्या सकाळी भाच्याला काय खटकले, या दोन निराळ्या गोष्टी आहेत, असे मला वाटते. पहिली गोष्ट समजून घेण्यासाठी आपल्या काव्यशास्त्रातच एक विचार सापडतो. रसप्रतीतीला आड येणाऱ्या सात विघ्नांची चर्चा अभिनवगुप्ताने केली आहे. त्यांपैकी एक म्हणजे 'निजसुखादिविवशीभाव' : प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखाने विवश झालेला असेल, तर त्याला रसाचा आस्वाद घेता येत नाही. भयानक रस संभवतो तो भय कोणाचेच नसते म्हणून. ते विशिष्ट व्यक्तीपासून सुटे झालेले असते म्हणून. विमान संकटात असल्याची बातमी प्रेक्षकापुढे जो पदार्थ ठेवते, तो या अर्थाने भयानक आणि अद्भुत यांचे मिश्रण असतो, आणि ज्याचे कोणीही त्या विमानात नाही अशा लक्षावधींना तो रुचतो. मात्र नाटकाला प्रेक्षकागार असते. आत येणारा प्रेक्षक आपण नाटक पाहत आहोत हे जाणून येतो. बातमीला अशी वेस नाही. जिची नात विमानात आहे, तीही त्याच प्रेक्षागृहात बसवली जाते. बातमी तिला माहिती देण्याच्या निमित्ताने बोलावते आणि समोर रंगभूमी मांडते.

ही वेस किती पुसली जाऊ शकते, याचे टोकाचे उदाहरण अमेरिकेतील आहे. २१ सप्टेंबर २००५ रोजी जेटब्लू कंपनीच्या एका विमानाचे पुढचे चाक आडवे वळून अडकले. विमान लॉस एंजेलिसला उतरवण्यापूर्वी इंधन कमी करण्यासाठी काही तास आकाशात घिरट्या घालत होते. त्या विमानात प्रत्येक आसनासमोर दूरचित्रवाणीचा पडदा होता. प्रवाशांनी आपल्याच विमानाचे थेट प्रक्षेपण आत बसून पाहिले. आपल्या संभाव्य मरणाविषयीची तज्ज्ञांची चर्चा ऐकली. उतरण्यापूर्वी पडदे बंद करण्यात आले आणि विमान सुखरूप उतरले. पात्र आणि प्रेक्षक एकच, अशी रचना आधुनिक नाटककारांनी प्रयोग म्हणून योजली आहे. येथे ती कोणाच्याही कल्पनेवाचून घडली, आणि तिच्यातील माणसे खरी होती.

मात्र भाच्याचा आक्षेप याहून निराळा, आणि माझ्या दृष्टीने अधिक मूलगामी आहे. त्याने भडकपणाबद्दल तक्रार केली नाही. त्याने क्रियापदाबद्दल केली. 'टळणे' अकर्मक आहे. 'अनर्थ टळला' या वाक्यात अनर्थ हाच कर्ता असतो; तोच आला आणि तोच बाजूला झाला. 'अनर्थ टाळला' असे म्हणताच कर्मणी प्रयोग होतो, अनर्थ कर्म बनतो, आणि वाक्य तृतीयेतल्या कर्त्याची वाट पाहू लागते. कोणी टाळला? एका कान्याने एवढा फरक पडतो. मराठीत अशा जोड्या पुष्कळ आहेत : पडणे-पाडणे, मरणे-मारणे, गळणे-गाळणे. धातूतला स्वर लांबला, की क्रियेला करणारा मिळतो. 'काळ आला होता, पण वेळ आली नव्हती' या म्हणीत तर काळ आणि वेळ हेच दोघे वावरतात. माणसाला तेथे जागाच नाही.

रोलाँ बार्त यांनी १९६२ साली किरकोळ वृत्तांच्या रचनेवर एक निबंध लिहिला. अशी बातमी स्वयंपूर्ण असते, ती उपभोगण्यासाठी बाहेरच्या जगाचे काहीही ज्ञान लागत नाही, आणि तिच्यातील विस्मय बिघडलेल्या कार्यकारणभावातून किंवा योगायोगातून निर्माण होतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. योगायोगामागे कोणा अदृश्य शक्तीचा हात असल्याचा भास अशा बातमीत सतत होत राहतो. विमान सुखरूप उतरल्याच्या बातमीला हे विवेचन तंतोतंत लागू पडते. तिच्यातील अद्भुत टिकवायचे, तर बाहेरचे ज्ञान आत येऊ देता कामा नये. ते आत आले की अद्भुत विरघळते.

११ ऑक्टोबर २०२४ ची घटना पाहावी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आपल्याकडे हत्यारे-अवजारे पुसून पूजेसाठी काढली जातात त्या सुमारास, तिरुचिरापल्लीहून शारजाला निघालेल्या एअर इंडिया एक्स्प्रेसच्या विमानाच्या हायड्रॉलिक यंत्रणेत बिघाड झाला. विमानात १४१ प्रवासी होते. दोन तासांहून अधिक काळ ते आकाशात फिरत राहिले, आणि देशभरच्या वाहिन्यांनी ते फिरणे जणू मृत्यूची प्रदक्षिणा म्हणून दाखवले. वस्तुतः त्या घिरट्या हा उपाय होता. लांबच्या प्रवासाला निघालेले विमान इंधनाने जड असते. उडतानाचे त्याचे वजन उतरण्यासाठी ठरवलेल्या वजनापेक्षा अधिक असू शकते. या जातीच्या विमानात इंधन हवेत सोडून देण्याची सोय नसते. ते जाळूनच संपवावे लागते. म्हणजे पडद्यावर ज्याला असहायता म्हटले जात होते, ते प्रत्यक्षात काम होते. अग्निशामक बंब आणि रुग्णवाहिका धावपट्टीजवळ उभ्या राहिल्या, त्याही अनर्थाची चाहूल लागली म्हणून नव्हे, तर तशी पद्धत आहे म्हणून. विमान आपल्या चाकांवर नेहमीसारखे उतरले.

वैमानिकांच्या भाषेत संकटाला पायऱ्या आहेत. जिवाला तात्काळ धोका असेल तर 'मेडे' हा शब्द तीनदा उच्चारायचा. परिस्थिती तातडीची असली, पण तसा धोका नसेल, तर 'पॅन-पॅन' म्हणायचे. उतरण्याचेही प्रकार निराळे : दुसरा मार्गच उरला नाही म्हणून सक्तीने उतरणे वेगळे, खबरदारी म्हणून उतरणे वेगळे. आपल्या बातमीत या सर्वांसाठी 'इमर्जन्सी लँडिंग' हा एकच शब्द आहे. प्रवाशाच्या छातीत दुखू लागले म्हणून वाटेत उतरलेले विमान आणि इंजिन बंद पडलेले विमान त्याच एका शब्दात बसतात. ज्या व्यवसायाचा शब्दांवर जीव अवलंबून आहे, त्याने भेद जपले. ज्याचा शब्दांवर केवळ चरितार्थ आहे, त्याने ते पुसले. या दुसऱ्या व्यवसायात मीही होतो आणि, शिक्षक म्हणून, एका अर्थी आजही आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. बातमी इतकी शांत केली, तर कंपन्यांचे आणि सरकारी खात्यांचे फावणार नाही काय? हा आक्षेप गंभीर आहे. परंतु कर्तारहित वाक्यामुळेच त्यांचे अधिक फावते, असे मला वाटते. २० सप्टेंबर २०१८ रोजी जेट एअरवेजच्या मुंबई-जयपूर विमानात हवेचा दाब राखणारा स्विच लावण्याचे राहून गेले. प्राणवायूचे मुखवटे खाली आले, सुमारे ३० प्रवाशांच्या नाकाकानांतून रक्त आले आणि विमान मुंबईस परत आणावे लागले. येथेही 'अनर्थ टळला' म्हणता येते, आणि म्हटले की स्विच विसरणारेही त्या वाक्यातून सुटतात. याउलट ६ मे २०२१ रोजी नागपूरहून निघालेल्या एका रुग्णवाहू विमानाचे चाक उड्डाणाच्या वेळीच निखळून पडले. मुंबईच्या धावपट्टीवर फेस पसरण्यात आला, वैमानिकाने विमान पोटावर उतरवले आणि आतील पाचही जण सुखरूप बाहेर आले. 'टळला' हे क्रियापद या दोन्ही प्रसंगांना सारखेच लागते. ज्याने चूक केली तो आणि ज्याने ती सावरली तो, दोघेही दैवाच्या एकाच पोत्यात जातात. भडक भाषा आणि सरकारी भाषा एकमेकींच्या वैरिणी आहेत, असे आपण मानतो. व्याकरणदृष्ट्या त्या सख्ख्या बहिणी आहेत. 'तांत्रिक बिघाडामुळे गाड्या उशिराने धावत आहेत', ही डोंबिवलीच्या फलाटावर आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलेली घोषणा त्याच घराण्यातली.

लोकलचा उल्लेख आला तो अकारण नाही. अहमदाबादच्या अपघाताआधी तीनच दिवस, ९ जून २०२५ रोजी सकाळी, दिवा आणि मुंब्रा या स्थानकांच्या दरम्यान दोन गर्दीच्या लोकलमधून प्रवासी रुळांवर पडले. त्याच दिवशी चौघे दगावले. त्या वळणावरून ठाणे, कल्याण, डोंबिवलीची लाखो माणसे रोज जातात. मीही अनेक वर्षे गेलो आहे, कधी आत तर कधी दारात. त्या बातमीचे क्रियापद 'पडणे' होते : 'लोकलमधून पडून मृत्यू'. विमानाच्या बातमीत दैव कर्ता असते. लोकलच्या बातमीत मरणारा स्वतःच कर्ता होतो. पडला तोच. या दोन दुःखांची तुलना मला करायची नाही. पण अपघातानंतर लगेच नव्या लोकलना आपोआप बंद होणारी दारे बसवण्याची घोषणा झाली. म्हणजे टाळण्याजोगे काही होते, आणि ते टाळू शकणारेही कोणी तरी होते.

मग प्रत्येक वाक्यात काना घालावा काय? येथे मला स्वतःलाच थांबवावे लागते. अहमदाबादच्या अपघाताचा प्राथमिक चौकशी अहवाल १२ जुलै २०२५ रोजी प्रसिद्ध झाला. दोन्ही इंजिनांचे इंधन नियंत्रित करणारे स्विच उड्डाणानंतर लगेच, एकामागोमाग, 'चालू' वरून 'बंद' स्थितीत गेले, असे त्यात नमूद होते. एका वैमानिकाने दुसऱ्याला, इंधन का बंद केलेस, असे विचारले आणि दुसऱ्याने आपण केले नाही असे उत्तर दिले, हेही त्यात होते. अहवालाने क्रियापद अकर्मक ठेवले होते : स्विच 'गेले'. कोणी नेले, हे त्याने म्हटले नाही. काही तासांतच अनेक ठिकाणी त्या वाक्यात काना घातला गेला आणि एका मृत माणसाच्या नावापुढे तृतीयेचा प्रत्यय लागला. ज्या भाषेला चाळीस वर्षे कर्ता नको होता, तिला तो एका रात्रीत हवासा झाला.

तेव्हा अकर्मक क्रियापद हा स्वतः दोष नव्हे. कर्ता ठाऊक नसताना ते वापरणे हा संयम आहे. कर्ता ठाऊक असताना, तारेच्या दुसऱ्याच वाक्यात तो लिहिलेला असताना, ते वापरणे ही निराळी गोष्ट आहे. मी केली ती ही दुसरी. इंजिन बंद करणारा, विमान वळवणारा, मनोऱ्यावरून वाट मोकळी करून देणारा, बंब घेऊन उभा राहिलेला आणि रात्रभर ते इंजिन उघडून बसलेला, या सर्वांना मी एका म्हणीच्या मोबदल्यात पानावरून काढून टाकले. त्यांच्यापैकी कोणी ती बातमी वाचली असेल, तर त्याला काय वाटले असेल, हा प्रश्न माझ्या मनात आला तो माझाच भाचा त्या कामात असल्याचे आठवून. हा 'निजसुखादिविवशीभाव' आस्वादाच्या आड येतो खरा. परंतु विवेकाला कधी कधी त्याचीच मदत होते.

ताईने त्यानंतर संध्याकाळच्या बातम्या पाहणे सोडले नाही. सून-नात प्रवासाला निघाल्या की मात्र ती आता पडद्यापेक्षा मुलाच्या फोनची वाट पाहते. भाच्याला मी ती जुनी गोष्ट अखेर सांगितली. तो हसला आणि म्हणाला, "मग आता लिहा की मामा, नीट."

मी कागद घेऊन बसलो. पहिला मथळा आठवला, तोच थोडा दुरुस्त केला : 'इंजिनात पक्षी शिरल्यावर वैमानिकाने विमान परत आणले'. यात जीव आहे की नाही, हे मला सांगता येणार नाही. दोन कॉलमांत तो बसत नाही, एवढे मात्र खरे.